नियमयंत्र अडलें असतां दोष कोठें शोधावा?

शेतकऱ्यास वेळेवर सल्ला मिळणें ही शेतीच्या धंद्यांतील मोठी जमेची बाजू होय. पूर्वीं हें काम गांवांतील जाणता वडीलधारा माणूस करी. पुढें शेतकी खातें, कृषि विद्यालयें व मासिकें यांनीं तें उचललें. आतां त्यांत संगणकाची भर पडली आहे. पिकाची, हवामानाची व किडीची माहिती संगणकांत भरावी आणि त्यानें तज्ज्ञाप्रमाणें विचार करून 'पाणी द्या', 'थांबा', 'फवारणीची वेळ आली' असा निर्णय सांगावा, अशा योजनेस तज्ज्ञप्रणाली म्हणतात. अशा प्रणालीच्या पोटांत जें यंत्र काम करतें त्यास प्रस्तुत लेखांत आपण नियमयंत्र म्हणूं.

हें यंत्र अडतें तेव्हां धूर निघत नाहीं कीं आवाज होत नाहीं. विहिरीवरील इंजिनाचा पट्टा तुटला तर पाणी थांबतें व तें लगेच दिसतें. नियमयंत्र अडलें तर तें बहुधा मुकाट्यानें बसून राहतें, आणि शेतकरी समजतो कीं, ज्या अर्थीं इशारा आला नाहीं त्या अर्थीं पीक सुरक्षित आहे. २०१७ सालीं महाराष्ट्रांत गुलाबी बोंडअळीनें कापसाचें केवढें नुकसान केलें तें वाचकांस सांगावयास नको. ही अळी बोंडाच्या आंत राहते. बाहेरून ती दिसत नाहीं. अशा किडीच्या बाबतींत इशाऱ्याचे चार दिवस चुकले तर पुढें फवारणीवर केलेला खर्चहि वायां जातो. यास्तव यंत्राचें मौन म्हणजे 'सर्व ठीक' असा अर्थ कधींहि करूं नये. मौनाचें कारण कोठें व कोणत्या क्रमानें शोधावें, हें प्रणाली चालविणाऱ्यानें तर जाणावेंच, परंतु ती वापरणाऱ्या संघाच्या चालकांनींहि जाणून असावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

यंत्राची कुळकथा

तज्ज्ञप्रणाली आणि शेती यांचा संबंध नवा नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत सोयाबीनच्या १५ रोगांचें निदान करणाऱ्या नियमांवर मिखाल्स्की व चिलौस्की या संशोधकांनीं काम केलें व १९८० सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९८६ सालीं 'कोमॅक्स' नांवाच्या प्रणालीचें वर्णन 'सायन्स' या नियतकालिकांत आलें. कापसाच्या वाढीचें गणित मांडणाऱ्या 'गॉसिम' या प्रोग्रामला जोडून ही प्रणाली पाणी, नत्रखत व पानगळीचीं औषधें केव्हां द्यावीं याचा सल्ला देई.

त्याच सुमारास, १९८५ सालीं, अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेच्या ह्यूस्टन येथील जॉन्सन केंद्रांत 'क्लिप्स' हें नियमयंत्र तयार झालें. तें कोणत्याहि एका विषयापुरतें नव्हतें. त्यांत ज्या विषयाचे नियम भरावे त्या विषयाचा सल्लागार तें बनें. पुढें कॅलिफोर्नियांतील लिव्हरमूर येथें सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेंत अर्नेस्ट फ्रीडमन-हिल यांनीं क्लिप्सच्या धर्तीवर, परंतु जावा भाषेंत, १९९५ सालीं एक नियमयंत्र रचण्यास आरंभ केला. त्याचें नांव 'जेस'. जावा भाषाहि सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें त्याच सालीं लोकांपुढें आणली होती. पुढील विवेचन जेस या यंत्रास धरून केलें आहे. तथापि 'ड्रूल्स'सारख्या जावांतील इतर नियमयंत्रांसहि त्यांतील बहुतेक तत्त्वें लागू पडतात.

यंत्र काम कसें करतें

साधा प्रोग्राम म्हणजे पायरीपायरीनें करावयाच्या कामांची यादी असते. नियमयंत्रांत तशी यादी नसते. तेथें प्रत्येक नियम स्वतंत्र असतो व 'जर अमुक, तर तमुक' अशा रूपाचा असतो. उदाहरणादाखल एक नियम घेऊं:

जर शेतांत कापसाचें पीक असेल, आणि त्या शेतांतील कामगंध सांपळ्यांत सलग ३ रात्रीं दर सांपळ्यास ८ किंवा अधिक पतंग सांपडले असतील, आणि इतक्यांत फवारणी झाल्याची नोंद नसेल, तर त्या शेताच्या मालकास इशारा द्यावा.

आठ पतंग व तीन रात्री ही गुलाबी बोंडअळीसाठीं शिफारस केलेली नुकसानीची पातळी कापूस करणाऱ्या वाचकांस परिचित आहेच. हा नियम यंत्रांत चालावयाचा तर चार अंगें लागतात. पहिलें अंग नियमांचा संग्रह. दुसरें अंग नोंदींचा सांठा. यास कार्यस्मृति म्हणतात. तिसरें अंग नोंदी व नियमांतील अटी यांची जुळणी करणारें. चौथें अंग क्रमपत्रिका. ज्या नियमाच्या सर्व अटी जुळल्या तो या पत्रिकेवर चढतो व पाळी आली म्हणजे चालतो.

जुळणीची जी रीति जेसमध्यें आहे ती चार्ल्स फोर्जी यांनीं अमेरिकेंतील कार्नेगी-मेलन विद्यापीठांत शोधून १९८२ सालीं सविस्तर प्रसिद्ध केली. तिचें नांव 'रेटे'. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ जाळें असा आहे. नवी नोंद आली म्हणजे ती या जाळ्यांतून खालीं सोडली जाते, आणि कोणत्या अटीपर्यंत जुळणी झाली हें जाळें लक्षांत ठेवतें. त्यामुळें दर नोंदीस सर्व नियम पुन्हां पहिल्यापासून तपासावे लागत नाहींत.

पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचलें नाहीं तर आपण त्या वाफ्यांत उभे राहून विचार करीत बसत नाहीं. पाटाच्या मुखापासून एकेक दार पाहत खालीं येतों. येथेंहि तसेंच करावें. नोंद आली काय, अट जुळली काय, नियम पत्रिकेवर चढला काय, त्याची पाळी आली काय, हीं चार दारें. कोणतेंहि दार न ओलांडतां पुढचें पाहूं नये.

पहिलें दार: नोंद आली काय

जेसच्या फाइली कोठें ठेवल्या आहेत हें जावाला सांगावें लागतें. तो पत्ता चुकला तर 'वर्ग सांपडत नाहीं' अशा अर्थाचा संदेश येऊन काम तेथेंच थांबतें. हा दोष उघड बोलतो, म्हणून तो बरा. खरा त्रास मुक्या दोषांचा.

त्यांतील पहिला 'रीसेट' या आज्ञेचा. प्रोग्राम लिहितांना ज्या नोंदी 'आरंभीं असाव्या' म्हणून लिहून ठेवलेल्या असतात, त्या प्रोग्राम नुसता वाचल्यानें कार्यस्मृतींत जात नाहींत. 'रीसेट' केल्यावर जातात. ही आज्ञा विसरली तर नियम आहेत, यंत्र आहे, परंतु कोठार रिकामें, अशी अवस्था होते. उलट बाजूचा दोषहि तितकाच आढळतो. 'रीसेट' प्रथम कार्यस्मृति पुसते व मग आरंभींच्या नोंदी भरते. म्हणून दिवसाच्या नोंदी भरून झाल्यावर कोणी 'रीसेट' केलें तर भरलेल्या साऱ्या नोंदी जातात. पेरून झाल्यावर वखर फिरविल्यासारखेंच तें होय. योग्य क्रम असा: आधीं 'रीसेट', मग दिवसाच्या नोंदी, आणि शेवटीं 'रन'. 'रन' म्हटल्यावांचून कोणताहि नियम चालत नाहीं, हेंहि नवशिक्यांच्या ध्यानांत राहत नाहीं.

खातरजमा करण्यास 'फॅक्ट्स' ही आज्ञा आहे. ती दिली असतां कार्यस्मृतींतील प्रत्येक नोंद क्रमांकासह समोर येते. तक्रार कोणतीहि असो, पहिली गोष्ट हीच करावी. आपणांस वाटतें ती नोंद तेथें नसेल तर नियमाकडे पाहण्याचें कारणच उरत नाहीं.

येथें एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. अगदीं एकसारख्या दोन नोंदी जेस ठेवीत नाहीं. दुसरी नोंद तें नाकारतें. सोमवारीं ८ व मंगळवारींहि ८ पतंग सांपडले आणि नोंदींत तारखेचा रकाना ठेवलेला नसला, तर दोन रात्रींची मिळून एकच नोंद राहते. मग तीन रात्री कधींच पुऱ्या होत नाहींत व इशारा कधींच जात नाहीं. यास्तव प्रत्येक नोंदींत गट नंबर, सांपळ्याचा क्रमांक व तारीख हीं असलींच पाहिजेत.

दुसरें दार: अट जुळली काय

नोंद आहे, परंतु नियम हालत नाहीं, असें दिसल्यास अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. मनुष्य 'कापूस' व 'कपाशी' यांतील अर्थ एक आहे हें जाणतो; यंत्र जाणत नाहीं. रोमन लिपींत लहान व मोठें अक्षर यांतहि तें भेद करतें.

याहून फसवा भेद जातीचा आहे. संगणकाच्या दृष्टीनें ८ ही संख्या वेगळी आणि अवतरणचिन्हांत लिहिलेला '८' हा मजकूर वेगळा. दूरध्वनीवरील अर्जांतून किंवा कोष्टकांतून आलेले आंकडे पुष्कळदां मजकूर म्हणूनच येतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात व जुळत मात्र नाहींत. तसेंच ८ ही पूर्ण संख्या व ८.० ही दशांश संख्या यांची अटींत नुसती तोंडओळख घातली तर यंत्र त्यांस एक मानीत नाहीं. त्यासाठीं संख्येची संख्येशीं तुलना करणारी कसोटीच लिहावी लागते. उपाय असा कीं, बाहेरून आलेला प्रत्येक आंकडा कार्यस्मृतींत घालण्यापूर्वीं संख्येंत बदलून घ्यावा.

रिकाम्या रकान्याचेंहि असेंच आहे. सांपळा पाहिलाच नाहीं म्हणून आंकडा भरला नाहीं, तर यंत्र तेथें 'निल' असें मानतें. 'निल' म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे पाहिलें व पतंग नव्हता. 'निल' म्हणजे पाहिलेंच नाहीं. या दोहोंत शेतकऱ्याच्या दृष्टीनें जमीनअस्मानाचें अंतर आहे. कोणी सोयीसाठीं रिकाम्या जागीं शून्य भरण्याची युक्ति केली तर न पाहिलेलें शेत निरोगी ठरतें. त्याऐवजीं 'रकाना रिकामा असेल तर सांपळा पाहण्याची आठवण द्यावी' असा स्वतंत्र नियमच लिहावा.

नोंदींचा सांचा आधीं जाहीर करून ठेवावा, ही या दोषांवरची चांगली तटबंदी होय. सांचा ठरलेला असला व रकान्याचें नांव चुकीचें लिहिलें गेलें तर जेस तत्काळ तक्रार करतें. सांचा न ठरवितां नोंदी घातल्या, तर चुकीच्या नांवाची नोंद ही नवीन प्रकारची नोंद समजून तें निमूटपणें ठेवून घेतें.

कोणत्या अटीवर जुळणी तुटली हें 'मॅचेस' या आज्ञेनें कळतें. नियमाचें नांव देऊन ती दिली म्हणजे त्या नियमाच्या जाळ्यांत कोणत्या अटीपर्यंत कोणत्या नोंदी येऊन थांबल्या आहेत तें दिसतें. तसेंच 'वॉच' ही आज्ञा आधीं देऊन ठेवली तर नोंद येणें, जाणें, नियम पत्रिकेवर चढणें, उतरणें व चालणें या सर्व हालचाली ओळीनें छापल्या जातात. दोष शोधणाऱ्याच्या हातांतील कंदील म्हणावा तर तो हाच.

जुळूं नये तें जुळणें हाहि याच दाराचा दोष. 'सलग ३ रात्री' हें दाखविण्यास कोणी '८ किंवा अधिक पतंगांची नोंद' ही अट तीनदां लिहिली, तर एकाच रात्रीची एकच नोंद तिन्ही अटींस पुरी पडते. कारण एक नोंद एकाहून अधिक अटींस जुळूं नये असें यंत्रास कोणीं सांगितलेलें नसतें. तीन तारखा भिन्न व लागोपाठच्या आहेत हें नियमांत स्पष्ट लिहिलें पाहिजे. त्याचप्रमाणें शेताच्या व सांपळ्याच्या नोंदींत गट नंबर एकच असावा ही अट राहून गेली, तर एकाच्या सांपळ्यांतील पतंगांवरून दुसऱ्याच्या शेतास इशारा जातो, आणि गरज नसतां औषधाचा खर्च त्याच्या माथीं बसतो.

'नाहीं'ची अट

'फवारणी झाल्याची नोंद नसेल तर' ही अट विशेष जपून वापरावी. यंत्रास जगांतील खरेंखोटें कळत नाहीं. त्यास कार्यस्मृतींत काय आहे व काय नाहीं एवढेंच कळतें. फवारणी काल झाली, परंतु तिची नोंद सायंकाळीं यावयाची आहे, अशा वेळीं सकाळीं 'रन' केलें तर यंत्र फवारणी झालीच नाहीं असें समजून दुसऱ्या फवारणीचा सल्ला देतें. हा दोष यंत्राचा नव्हे, घाईचा आहे. 'आजच्या सर्व नोंदी पूर्ण' अशी एक नोंद शेवटीं घालावी व सल्ला देणाऱ्या प्रत्येक नियमांत ती पहिली अट ठेवावी, म्हणजे अर्धवट माहितीवर निर्णय होत नाहीं.

तिसरें व चौथें दार: पत्रिका आणि पाळी

'अजेंडा' या आज्ञेनें क्रमपत्रिका दिसते. नियम तेथें आहे, परंतु अपेक्षेपूर्वीं किंवा अपेक्षेनंतर चालतो, अशी तक्रार असेल तर पाळीची रीति पाहावी. जेसमध्यें सामान्यतः जो नियम शेवटीं पत्रिकेवर चढला तो आधीं चालतो. ही रीति बदलून आधीं आला तो आधीं, असेंहि करतां येतें. याशिवाय प्रत्येक नियमास 'सेलियन्स' नांवाचा मानाचा आंकडा देतां येतो. तो न दिल्यास शून्य धरला जातो व मोठा आंकडा असलेला नियम आधीं चालतो.

मानाच्या आंकड्यांचा मोह पुष्कळांस पडतो. एका नियमास १०, दुसऱ्यास २०, तिसऱ्यास २५ असें करीत गेलें म्हणजे कांहीं दिवसांनीं कोणाचा मान कोणापुढें हें लिहिणाऱ्यासहि सांगतां येत नाहीं. नियम असे लिहावे कीं, ते कोणत्याहि क्रमानें चालले तरी निर्णय एकच यावा. क्रम खरोखरच आवश्यक असेल तर तो अटींतच सांगावा. उदाहरणार्थ, 'निदान पूर्ण झाल्याची नोंद असेल तर' अशी अट औषधाच्या नियमास घालावी.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगावी लागते. तोच नियम त्याच नोंदींवर एकदांच चालतो. काल इशारा दिला, आज परिस्थिति तीच आहे, तरी इशारा नाहीं, अशी तक्रार आली तर तो बिघाड नव्हे. नोंद बदलल्यावांचून यंत्र तेंच बोलणें पुन्हां बोलत नाहीं. रोज आठवण हवी असेल तर आजच्या तारखेची नोंद नियमाच्या अटींत आणली पाहिजे.

न थांबणारें यंत्र

मौनाच्या उलट टोंकाचा दोष म्हणजे यंत्र थांबतच नाहीं. समजा, पतंग अधिक असतील तर शेताच्या नोंदींतील 'दिलेले इशारे' हा आंकडा एकानें वाढवावा, असा नियम लिहिला. 'मॉडिफाय' या आज्ञेनें नोंद बदलली कीं जाळें ती नोंद नवी समजून पुन्हां तपासतें. पतंगांची अट जुळतेच. नियम पुन्हां चालतो, आंकडा पुन्हां वाढतो, नोंद पुन्हां नवी होते. घाण्याच्या बैलाप्रमाणें हें चक्र फिरत राहतें, आणि एका शेतकऱ्यास एकाच गोष्टीचे शेंकडों संदेश जातात. त्याचा परिणाम असा कीं, पुढें खरा इशारा आला तरी तो कोणी वाचीत नाहीं.

उपाय दोन. इशारा दिल्याची नोंद वेगळी ठेवावी व 'अशी नोंद नसेल तर' ही अट मूळ नियमांत घालावी; हा सर्वांत स्वच्छ मार्ग. दुसरा मार्ग असा कीं, नियमाच्या स्वतःच्या कृतीमुळें तोच नियम लगेच पुन्हां जागा होऊं नये, अशी सूचना जेसच्या सातव्या आवृत्तींत देतां येते. परंतु दोन नियम एकमेकांस जागे करीत असतील तर ही सूचना पुरेशी होत नाहीं. दोष शोधतांना 'रन' या आज्ञेस संख्या द्यावी. 'रन १' म्हटल्यास एकच नियम चालून यंत्र थांबतें. प्रत्येक पावलास पत्रिका पाहत गेलें म्हणजे चक्र कोठें सुरू होतें तें हातीं लागतें.

सावलीची नोंद

जेसचा विशेष गुण असा कीं, जावांतील वस्तूच नोंद म्हणून यंत्रापुढें ठेवतां येते. त्या वेळीं यंत्र त्या वस्तूची एक सावली कार्यस्मृतींत ठेवतें. वस्तूंतील मूल्य बदललें तर सावली आपोआप बदलते असें मात्र नाहीं. बदल झाल्याची वर्दी देण्याची सोय त्या वस्तूंत केलेली असली पाहिजे, किंवा प्रोग्रामनें 'अपडेट' म्हणून यंत्रास कळविलें पाहिजे. नाहीं तर शेतांत पतंग १२ झाले तरी यंत्राजवळ ३ हाच आंकडा राहतो.

सातबाराच्या उताऱ्याचा अनुभव ज्यांस आहे त्यांस हें सहज समजेल. शेतांत तूर उभी आहे, परंतु पीकपाहणी झाली नाहीं म्हणून उताऱ्यावर मागील सालची ज्वारीच आहे. आणि कचेरी उताऱ्यावर चालते, शेतावर नव्हे. यंत्रहि सावलीवर चालतें. वस्तु एक सांगते व 'फॅक्ट्स' दुसरें सांगतें असें दिसलें कीं, दोष वर्दीचा आहे असें समजावें.

मंद चालणें व स्मृति संपणें

रेटेचें जाळें अर्धवट जुळण्या लक्षांत ठेवतें, म्हणून तें वेगानें चालतें. परंतु त्या वेगाची किंमत स्मृतीच्या जागेंत द्यावी लागते. ५०० शेतें व २,००० सांपळा-नोंदी यांस जोडणारी कोणतीच अट नसेल तर १०,००,००० जोड्या तयार होतात. गट नंबर एकच असावा एवढी अट वेळींच घातली तर त्यांतील बहुतेक जोड्या जन्मासच येत नाहींत. ज्या अटीनें सर्वांत अधिक छाटणी होते ती आधीं लिहावी, आणि ज्या नोंदी वारंवार बदलतात त्यांच्या अटी शेवटीं लिहाव्या. मागील हंगामाच्या निरुपयोगी नोंदी काढून टाकाव्या. जावाला अधिक जागा देऊन वेळ निभावतां येते. परंतु नोंदींची गर्दी तशीच राहिली तर ती जागाहि भरते.

नियमच चुकीचा असेल तर

चारहि दारें नीट उघडलीं, तरी सल्ला चुकतो, असें घडल्यास यंत्राकडून दृष्टि काढून नियमाकडे वळवावी. वर सांगितलेल्या इलिनॉयच्या सोयाबीन-प्रयोगांत एक बोधप्रद गोष्ट दिसून आली. तज्ज्ञांनीं स्वतः सांगितलेले नियम आणि रोगट झाडांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून संगणकानें काढलेले नियम यांची तुलना केली असतां, दुसऱ्या प्रकारच्या नियमांनीं अधिक वेळां बरोबर निदान केलें. तज्ज्ञाचें ज्ञान खोटें होतें असा याचा अर्थ नव्हे. हाताला आलेलें ज्ञान शब्दांत मांडणें कठीण असतें, असा आहे. म्हणून लिहिलेला नियम नेहमीं पडताळून घेतला पाहिजे.

पडताळा घेण्याची रीति सोपी आहे. ज्यांचें उत्तर आधींच ठाऊक आहे अशा दहापंधरा शेतांच्या नोंदी कायमच्या लिहून ठेवाव्या. त्यांत सीमेवरचीं उदाहरणें मुद्दाम घ्यावीं: पतंग ७, ८ आणि ९, रात्री लागोपाठच्या तीन आणि मध्यें खंड पडलेल्या तीन, रकाना शून्य आणि रकाना रिकामा. '८ किंवा अधिक' याऐवजीं '८ हून अधिक' असें लिहिलें गेलें असेल तर ८ चें उदाहरण तें तत्काळ उघडें पाडील. नियमांत एक शब्द जरी बदलला तरी हीं सर्व उदाहरणें पुन्हां चालवावीं; कारण एक नियम सुधारतांना दुसरा बिघडणें हें या विद्येंत नित्याचें आहे.

संघानें काय करावें

प्रणाली वापरणाऱ्या संघाच्या चालकांस जावा भाषा येण्याची गरज नाहीं. परंतु चार गोष्टी त्यांनीं आग्रहानें मागाव्या. पहिली, प्रत्येक सल्ल्याबरोबर तो कोणत्या नियमानें व कोणत्या नोंदींवरून दिला हें लिहून ठेवलें जावें. दुसरी, प्रत्येक शेतास दररोज कांहींतरी उत्तर जावें. इशारा नसल्यास 'नोंदी मिळाल्या, इशारा नाहीं' असें, आणि नोंदी न मिळाल्यास 'नोंदी मिळाल्या नाहींत' असें. एवढ्यानें मौनाचा घोटाळा मुळांतच नाहींसा होतो. तिसरी, वर सांगितलेला उदाहरणांचा पडताळा हंगामाच्या आरंभीं चालकांसमक्ष व्हावा. चौथी, नियमांतील आंकडे कोणाच्या शिफारशीवरून व कोणत्या सालीं घेतले हें नियमाशेजारींच नमूद असावें, म्हणजे शिफारस बदलली तर जुना आंकडा तसाच राहून जाणार नाहीं.

सभासद बंधूंनींहि आपला वांटा उचलावा. सांपळा ज्या दिवशीं पाहिला त्याच दिवशीं नोंद द्यावी, न पाहिला तर तसें सांगावें, आणि फवारणी केल्यास ती त्याच सायंकाळीं कळवावी. यंत्र कितीहि चांगलें असलें तरी तें नोंदीपलीकडे पाहूं शकत नाहीं. इशारा आला नाहीं म्हणून आठवड्यांत एकदां बांधावरून फिरून वीस बोंडें फोडून पाहण्याची चाल कोणींहि सोडूं नये. बोंडांत अळी सांपडली आणि दूरध्वनीवर 'इशारा नाहीं' असें असलें, तर पिकाचा बंदोबस्त त्याच दिवशीं करावा व संघास कळवावें. यंत्राचा दोष शोधण्याचें काम तेथूनच सुरू होतें.